कुरआनचं भाषांतर सर्वांसाठी खुलं करायचंय? परवानगीपासून फाइलपर्यंत

एखाद्या भाषांतराची पीडीएफ इंटरनेटवर चढवली की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण ती स्कॅन केलेल्या पानांची असेल तर तिच्यात शब्द शोधता येत नाही. एक आयत, म्हणजे कुरआनातलं एक वचन, उचलून कोणाला पाठवता येत नाही. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर तिच्यापुढे मुका होतो. शिवाय चढवणाऱ्याला तसा अधिकार होता का, हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्यामुळे ॲप बनवणारे शहाणे लोक तिला हात लावत नाहीत, आणि जे लावतात त्यांच्या डोक्यावर प्रकाशकाच्या नोटिशीची टांगती तलवार असते.

भाषांतर खरोखर खुलं करायला दोन गोष्टी लागतात: लेखी परवाना आणि आयतवार शुद्ध मजकुराची फाइल. ॲप, वेबसाइट, ऑडिओ, छापील प्रत हे सगळं त्या फाइलवरून पुढे कोणीही करू शकतं. नव्याने या कामात पडणारे मात्र उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी टायपिंग, मग ॲपचं डिझाइन, आणि शेवटी 'आता प्रकाशकांना विचारून टाकू'. प्रकाशक नाही म्हणाले की सगळी मेहनत पेनड्राइव्हवर पडून राहते. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

प्रोग्रामिंग येत नसेल तरी अडत नाही. कोष्टकात काम करता आलं पाहिजे आणि चिकाटी हवी. एखादा प्रोग्रामिंग जाणणारा मित्र तपासणीच्या टप्प्यावर मिळाला तर उत्तम.

पहिली पायरी: आधीच कोणी केलंय का ते बघा

या क्षेत्रात बरंच काम झालेलं आहे. 'तनज़ील' हा प्रकल्प २००७ पासून कुरआनचा तपासलेला अरबी मजकूर पुरवतो आणि त्याच्याबरोबर अनेक भाषांतली भाषांतरंही. 'कुरआनएन्क' या संकेतस्थळावर मराठीसह कित्येक भाषांतली भाषांतरं उतरवून घेता येतात. मदिनेतलं किंग फहद मुद्रण संकुलही अनेक भाषांत भाषांतरं प्रकाशित करतं.

त्यांच्या अटी मात्र नीट वाचा. तनज़ीलचा अरबी मजकूर जसाच्या तसा वाटायला मोकळा आहे, त्यात बदल चालत नाही; तिथली भाषांतरं फक्त अव्यावसायिक वापरासाठी आहेत. कुरआनएन्कची अट अशी की मजकुरात काही घालायचं-काढायचं नाही, प्रकाशकाचा आणि स्रोताचा उल्लेख करायचा आणि आवृत्तीचा क्रमांकही द्यायचा. म्हणजे पैसे पडत नाहीत, पण मोकळीकही पूर्ण नाही. तुम्हाला हवं ते भाषांतर तिथे आधीच चांगल्या स्थितीत असेल, तर ते पुन्हा टाइप करण्यात वेळ घालवू नका. त्यातल्या चुका शोधून कळवणं किंवा सुटलेल्या तळटीपा भरून देणं हे जास्त उपयोगाचं काम आहे, फक्त त्यात नाव होत नाही.

दुसरी पायरी: हक्क कोणाचा ते शोधा

मूळ अरबी कुरआनवर कोणाचा प्रताधिकार नाही. भाषांतरावर असतो. भाषांतर ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र साहित्यकृती आहे आणि तिचा हक्क भाषांतरकाराचा, किंवा त्याने लिहून दिला असेल तर प्रकाशकाचा. 'अल्लाहच्या वाणीवर कसला कॉपीराइट?' हा प्रश्न भावनेने बरोबर असला तरी कोर्टात टिकत नाही. तसंच पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'मोफत वितरणासाठी' असं छापलेलं असलं, तर त्याचा अर्थ ती प्रत मोफत आहे एवढाच. तुम्ही ती पुन्हा छापावी किंवा फाइल करून वाटावी, ही परवानगी त्यात येत नाही.

मुदत देशोदेशी वेगळी असते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं, युरोपातल्या बऱ्याच देशांत ७०. अब्दुल्ला यूसुफ अली यांचं इंग्रजी भाषांतर १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झालं आणि ते स्वतः १९५३ मध्ये वारले. म्हणजे ६० वर्षांच्या हिशेबाने ते २०१४ उजाडताच खुलं झालं आणि ७० वर्षांच्या हिशेबाने २०२४ उजाडताच. अमेरिकेत त्या काळातल्या पुस्तकांची मुदत सर्वसाधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात, तेव्हा तिथलं उत्तर आणखी वेगळं. पुस्तकावर भाषांतरकाराचं नावच नसेल, नुसतंच संस्थेने प्रकाशित केलेलं असेल, तर भारतात ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात.

इथे नवखे हमखास एका ठिकाणी फसतात. मूळ भाषांतर खुलं झालेलं असतं, पण त्यांच्या हातातली प्रत नंतर कोणीतरी सुधारलेली असते. यूसुफ अली यांच्याच भाषांतराची सुधारित आवृत्ती १९८९ मध्ये अमेरिकेत निघाली. त्या सुधारणांचा हक्क वेगळा. प्रस्तावना दुसऱ्याची, टिपा तिसऱ्याच्या, सूची चौथ्याने केलेली, हे तर नेहमीचंच. तेव्हा पुस्तकाचं मुद्रणहक्काचं पान आधी फोटो काढून जपून ठेवा, आणि मजकुराच्या प्रत्येक थराशेजारी त्याच्या मालकाचं नाव लिहा: भाषांतर, तळटीपा, प्रस्तावना, सूरहांचे (म्हणजे अध्यायांचे) परिचय. एखाद्या थराचा पत्ता लागत नसेल तर तो थर सोडून द्या. टिपांशिवायचं भाषांतर परवानगीसकट असलेलं बरं.

तिसरी पायरी: लेखी परवाना मिळवा

या पायरीला घाई करू नका, आणि फोनवरच्या 'हो हो, करा की' वर तर अजिबात विसंबू नका. बोलणारा मनापासून बोलत असतो, पण उद्या त्याच्या भावाचं मत वेगळं निघतं.

आधी भाषांतरकार हयात आहेत का ते बघा. असतील तर प्रकाशकाशी त्यांचा करार काय होता ते विचारा. बऱ्याचदा हक्क आपण दिले की ठेवले हे त्यांनाही आठवत नसतं. भारतीय कायद्याप्रमाणे हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात आणि प्रदेश नमूद केला नसेल तर तो भारतापुरता धरतात. हा नियम परवान्यालाही लागू आहे. म्हणूनच तुमच्या पत्रात 'जगभर' आणि 'प्रताधिकाराची मुदत संपेपर्यंत' हे शब्द असायलाच हवेत, नाहीतर पाच वर्षांनी तुम्ही पुन्हा शून्यावर. भाषांतरकार हयात नसतील तर वारस किती आहेत ते विचारा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

पत्र साधं असावं. वकिली भाषेने म्हातारी माणसं बिचकतात. असं काहीतरी (त्यातला क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'सीसी बाय' म्हणजे मूळ कर्त्याचं नाव दिलं की कोणालाही वापरू देणारा तयार परवाना):

आदरणीय … साहेब,
अस्सलामु अलैकुम. आपल्या वडिलांनी केलेले कुरआनचे भाषांतर (आवृत्ती …, वर्ष …) तळटीपांसह आयतवार संगणकावर आणून सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून द्यावे, अशी आमची इच्छा आहे. मजकुरात आम्ही आमच्या पदरचा एकही शब्द घालणार नाही. प्रत्येक ठिकाणी भाषांतरकार म्हणून त्यांचे नाव राहील. पुढील निवेदन मान्य असल्यास कृपया सही करून पाठवावे.
'वरील भाषांतराचे प्रताधिकार आमच्याकडे आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय ४.० या परवान्याखाली हा मजकूर जगभर, प्रताधिकाराची मुदत संपेपर्यंत, कोणालाही वापरता येईल. यात व्यावसायिक वापर आणि बदल करून केलेला वापरही येतो, आणि हा परवाना नंतर मागे घेता येत नाही, हे आम्हाला समजले आहे.'

शेवटचं वाक्य गाळायचा मोह होईल, कारण तेच वाचून लोक थबकतात. गाळू नका. समजून न घेता झालेली सही नंतर भांडण होऊन परत येते.

आता प्रश्न येतो कोणत्या परवान्याचा. कुरआनच्या बाबतीत समोरचा माणूस जवळजवळ नेहमी एकच शंका काढतो: 'कोणी मजकूर बदलला आणि आमच्या वडिलांच्या नावावर खपवला तर?' शंका रास्त आहे, आणि म्हणूनच लोक 'बदल नको' या अटीचा, म्हणजे एनडी असलेला परवाना मागतात. त्यांना सांगा की साध्या सीसी बायमध्येही बदल केल्याचं स्पष्ट लिहावं लागतं, मूळ हक्कदाराचा त्याला पाठिंबा आहे असं भासवता येत नाही, आणि हक्कदाराने सांगितल्यास बदललेल्या प्रतीवरून त्याचं नाव काढावं लागतं. एनडी घेतला तर लहान मुलांसाठी सोपी आवृत्ती किंवा त्यावरून दुसऱ्या भाषेतलं भाषांतर प्रसिद्ध करायला पुन्हा परवानगी लागते. विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात तर एनडी आणि व्यावसायिक वापर नाकारणारा एनसी, दोन्ही चालत नाहीत. एनसीचा आणखी एक घोळ असा की पदरमोड न करता छपाईच्या खर्चात पुस्तक विकणाऱ्याला ते चालतं की नाही, हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही.

माझं मत सीसी बायच्या बाजूने आहे. पण वारस एनडीवरच अडून बसले तर तोच घ्या आणि आभार माना. ४.० आवृत्तीत एनडीखालीही फाइलचं स्वरूप बदलता येतं आणि मजकुराचा भाग उद्धृत करता येतो, म्हणजे ॲप, संकेतस्थळ आणि शोध एवढ्या गोष्टी होतातच.

चौथी पायरी: मजकूर हातात आणा

सर्वांत सोपी वाट म्हणजे प्रकाशकाकडची छपाईसाठी केलेली मूळ डीटीपी फाइल. ती मागायला लोक विसरतात. मिळाली तरी ती बहुधा श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली असते. तिच्यात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट बदलला की नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यांच्या चुका ठरलेल्या जागी असतात: रफार एक अक्षर पुढे-मागे, जोडाक्षरावरची पहिली वेलांटी, आणि ऑ, ॲ सारखे स्वर. त्या जागा माहीत असल्या की शोधून दुरुस्त करायला फार वेळ लागत नाही.

पीडीएफमधून कॉपी-पेस्ट करायला जाऊ नका. वेलांट्या विस्कटतात आणि जोडाक्षरं तुटतात, आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) परवडतं. छापील पुस्तकच असेल तर पानं ३०० डीपीआयला स्कॅन करा, सरळ करा, आणि टेसरॅक्टसारख्या मुक्त सॉफ्टवेअरला मराठीचा डेटा देऊन चालवा. स्वच्छ छपाई असेल तर निकाल बरा येतो. जुनी, शाई पसरलेली छपाई असेल तर दोन जणांनी स्वतंत्रपणे टाइप करून दोन फाइलींमधला फरक संगणकाला शोधायला लावणं, ही जुनीच पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची. दोघांची चूक एकाच जागी क्वचितच होते.

एक गोष्ट निक्षून सांगतो: एखादं पान फाटलेलं असेल किंवा ओळ वाचता येत नसेल, तर ती जागा यंत्रभाषांतराने किंवा एआयने भरू नका. जागा रिकामी ठेवा, शेजारी 'अवाच्य' लिहा आणि दुसरी प्रत शोधा. भाषांतरकाराच्या नावाखाली त्याने न लिहिलेलं एक वाक्य गेलं, तर अख्ख्या फाइलीचा भरवसा जातो.

पाचवी पायरी: आयतवार मांडणी

कूफी गणनेप्रमाणे (आयती मोजण्याच्या जुन्या पद्धतींपैकी ही एक) कुरआनात ११४ सूरह आणि ६,२३६ आयती आहेत. १९२४ च्या कैरो आवृत्तीपासून हीच गणना सर्वदूर रूढ झाली आणि डिजिटल साधनंही बहुतेक तीच धरून चालतात. तुमच्या कोष्टकात तेवढ्याच ओळी हव्यात, एका आयतीला एक ओळ. सूरहचा क्रमांक, आयतीचा क्रमांक, मजकूर, तळटीप असे चार स्तंभ पुरतात. नमुन्यापुरता सूरह इख्लासचा अर्थ घेतला तर फाइल अशी दिसेल:

११२|१|सांगा, तो अल्लाह एकच आहे.
११२|२|अल्लाह कोणावर अवलंबून नाही, सारे त्याच्यावर अवलंबून आहेत.
११२|३|त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि तोही कोणापासून जन्मला नाही.
११२|४|आणि त्याच्या तोडीचा कोणीही नाही.

इथे वाचायला सोयीचे म्हणून देवनागरी अंक वापरलेत. प्रत्यक्ष फाइलमधल्या क्रमांकांच्या स्तंभात इंग्रजी अंक ठेवा, नाहीतर निम्मे प्रोग्राम अडखळतात. सूरह आणि आयत यांचे क्रमांक एकाच चौकटीत विसर्गासारखी दोन टिंबं देऊन लिहू नका. एक्सेल '२:२५' ला घड्याळातले दोन वाजून पंचवीस समजतं आणि '२-१०' ला तारीख. फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारात जतन करा. सीएसव्ही (कोष्टकाची साधी मजकूर फाइल) थेट डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि देवनागरीच्या जागी चिन्हांचा बाजार दिसला, तर घाबरून जतन करू नका. तशीच बंद करा आणि 'डेटा आयात' या पर्यायातून यूटीएफ-८ निवडून उघडा.

क्रमांकांचा खरा घोळ पुस्तकातच असतो. कूफी गणनेत सूरह फातिहाची पहिली आयत म्हणजे बिस्मिल्लाह. काही परंपरांत तिला क्रमांक देत नाहीत आणि शेवटच्या आयतीचे दोन भाग करून सातची संख्या भरतात. तुमचं पुस्तक तसं असेल तर अगदी पहिल्याच पानावर फातिहाचे क्रमांक एकाने सरकलेले निघतील. जुन्या युरोपीय भाषांतरांत फ्ल्यूगेल यांच्या १८३४ च्या आवृत्तीचे क्रमांक असतात, तेही आजच्या क्रमांकांशी जुळत नाहीत. रॉडवेल यांच्या १८६१ च्या इंग्रजी भाषांतरात तर सूरहांचा क्रमच अवतरणाच्या काळानुसार लावलेला आहे. अशा वेळी पुस्तकातला क्रमांक वेगळ्या स्तंभात जपा आणि प्रमाण क्रमांक शेजारी द्या. जुना पुसून नवा घालू नका, कारण जुने संदर्भ त्या जुन्या क्रमांकांनीच दिलेले असतात.

काही भाषांतरकार दोन-तीन आयती एका वाक्यात ओवतात. ते वाक्य स्वतः तोडायला जाऊ नका. 'आयत क्रमांकापासून' आणि 'आयत क्रमांकापर्यंत' असे दोन स्तंभ करा आणि मजकूर एकदाच लिहा. कंसातले स्पष्टीकरणाचे शब्द कंसासकट ठेवा. अरबीत काय आहे आणि भाषांतरकाराने काय जोडलं, हे वाचकाला त्या कंसांवरूनच कळतं. अलिफ-लाम-मीमसारख्या अक्षरांच्या आयती 'रिकाम्या' समजून गाळू नका. सूरह शूराच्या पहिल्या दोन्ही आयती निव्वळ अक्षरांच्या आहेत आणि त्या स्वतंत्र मोजतात.

शेजारी अरबी मजकूर द्यायचा असेल तर तो टाइप करू नका. तनज़ीलवरून जसाच्या तसा घ्या, वेगळ्या स्तंभात ठेवा आणि त्याचा उल्लेख करा. उजवीकडून डावीकडे जाणारी आणि डावीकडून उजवीकडे जाणारी लिपी एकाच चौकटीत आली की विरामचिन्हं मनमानी करतात.

सहावी पायरी: अक्षरांची एकवाक्यता

मराठीत हे काम जरा नाजूक आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो. एकात स्वतंत्र ऱ, हलन्त आणि या. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण एक शोधला की दुसरा सापडत नाही. 'ॲ' चंही तसंच: कधी ते एकच अक्षर असतं, कधी अ आणि त्यावर वेगळा चंद्र. युनिकोडचं एनएफसी नावाचं प्रमाणीकरण फाइलवर जरूर चालवा, पण ते या दोन्ही जोड्या एक करत नाही. त्या हाताने बदलाव्या लागतात. स्वतंत्र ऱ आणि एकसंध ॲ पक्के करा आणि सगळीकडे तेच ठेवा.

कुठल्यातरी मार्गदर्शनात 'सगळी अदृश्य अक्षरं काढून टाका' असा सल्ला वाचाल. मराठीत तो ऐकलात तर दुसऱ्या पद्धतीने साठवलेल्या 'दऱ्या' एका फटक्यात 'दर्या' होतात. डोंगरांमधून थेट समुद्रात. म्हणून आधी बदली, मग सफाई.

शुद्धलेखन सुधारू नका. १९६२ च्या नियमांआधीचा मजकूर असेल तर त्यात अनुच्चारित अनुस्वार असणारच. ते भाषांतरकाराचे आहेत. आधुनिक लेखनाची आवृत्ती हवी असेल तर परवाना बघून ती वेगळ्या फाइलमध्ये करा आणि शीर्षकातच तसं सांगा. उघड छपाईदोष दुरुस्त करायला हरकत नाही, फक्त प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवा: आधी काय होतं, आता काय केलं.

सातवी पायरी: तपासणी

आधी यंत्राकडून. एकूण ओळी ६,२३६ आहेत का (जोडलेल्या आयतींचा हिशेब धरून), मजकुराची एकही चौकट रिकामी नाही ना, एकच क्रमांक दोनदा आला नाही ना. सूरहांच्या शेवटच्या आयतींचे आकडे जुळवा: बकरह २८६, आले-इमरान २००, माइदह १२०, कहफ ११०, यासीन ८३, नास ६. मग ओळींची लांबी बघा. सर्वांत लांब ओळ बकरहची २८२ वी, देवाणघेवाणीची, हीच यायला हवी; दुसरीच कुठली आली तर दोन आयती चिकटल्या असण्याची शक्यता मोठी. उलट सूरह रहमानमधली ६४ वी आयत अरबीत एका शब्दाची आहे, तेव्हा तिची ओळ तोकडी दिसली म्हणून दचकू नका.

सूरह रहमान ही तपासणीसाठी फार कामाची जागा आहे. तिच्या ७८ आयतींपैकी ३१ वेळा एकच आयत पुन्हा येते: तुम्ही दोघं आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या कृपा नाकाराल? 'दुबार ओळी काढा' हे बटण दाबणाऱ्याने या सूरहचं काय केलं असेल ते सांगायला नको. पण त्या ३१ ओळी एकमेकींशी ताडून पाहिल्या तर ओसीआर कुठे आणि कसं चुकतं याचा अख्खा नकाशा हाती येतो. एखाद्या ठिकाणी शब्द खरोखरच वेगळे असतील तर छापील पान उघडा. भाषांतरकाराने मुद्दाम बदल केलेला असू शकतो. तो तसाच ठेवा.

मग माणसांकडून. एकाने पुस्तकातून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं, आणि पानापानाला अदलाबदल. ज्याला मजकूर चांगला पाठ आहे त्याच्याकडे पडदा देऊ नका, कारण तो समोरचं न वाचता आठवणीतलं वाचतो. विरामचिन्हंही उच्चारायची. सलग फार वेळ बसू नये, डोळे मिटायला लागले की थांबावं.

सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नसतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या शंभर चुका मी एका सुटलेल्या 'नाही' पुढे माफ करेन. वरच्या नमुन्यातली ११२ व्या सूरहची तिसरी आयत पुन्हा बघा. तिथला पहिला 'नाही' गळला तर वाक्य व्याकरणाने बऱ्यापैकी उभं राहतं आणि अर्थ नेमका उलटा होतो. म्हणून 'नाही', 'नका', 'नये', 'नसे' आणि 'शिवाय' हे शब्द असलेल्या आयती वेगळ्या काढा आणि त्यांची छापील पानाशी स्वतंत्र फेरी करा. मग ज्या आयतींत नकार अपेक्षित आहे पण ओळीत दिसत नाही, त्या दुसऱ्या एखाद्या भाषांतराच्या आधारे शोधा. कंटाळवाणं काम आहे. पण टाळायचंच असेल तर दुसरं काहीतरी टाळा.

शेवटची नजर अरबी जाणणाऱ्या आलिमांची (धर्मपंडितांची) असावी. त्यांना आधीच स्पष्ट सांगा की भाषांतर बरोबर आहे का हे त्यांना विचारलेलं नाही. छापील पुस्तक आणि फाइल एक आहेत का आणि आयती योग्य जागी आहेत का, एवढंच बघायचं आहे. हे आधी सांगितलं नाही तर फाइल त्यांच्या पसंतीच्या शब्दांनी भरून परत येते.

आठवी पायरी: प्रकाशन

फाइलीबरोबर एक साधी माहितीची फाइल जोडा: भाषांतरकार, आवृत्ती, वर्ष, मूळ प्रकाशक, परवान्याचं पूर्ण नाव, परवानगीपत्राची प्रत (घरचे पत्ते आणि फोन झाकून), तुमच्या फाइलीचा आवृत्ती क्रमांक, तारीख, आणि कुठली प्रत वापरली ते. कुरआनच्या अर्थाचं भाषांतर असा उल्लेख शीर्षकात करावा. मूळ अरबी मजकूरच कुरआन, बाकी सगळं त्याच्या अर्थाचं निवेदन, अशी मुस्लिमांची सर्वसाधारण धारणा आहे आणि बहुतेक प्रकाशकही तेच लिहितात.

मूळ फाइल सीएसव्ही किंवा साध्या मजकुराची असू द्या. प्रोग्रामसाठी जेसन, ई-पुस्तकासाठी ईपब, आणि पीडीएफ तिच्यावरून तयार करा. दुरुस्ती नेहमी मूळ फाइलमध्येच. ठेवायला गिटहब किंवा कोडबर्गसारखी जागा चांगली, कारण कोणता बदल कधी झाला हे तिथे कायम दिसतं. त्याशिवाय इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅनसकट एक प्रत, आणि झेनोडो या संशोधन-संग्रहावर एक, म्हणजे त्या आवृत्तीला डीओआय हा संदर्भासाठीचा कायमचा ओळख क्रमांक मिळतो. सीसी बाय असेल तर विकिस्रोतावर पानोपानी स्कॅनशेजारी मजकूर ठेवता येतो आणि जगभरचे लोक तो ताडून बघू शकतात. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ ठसा (फाइलीतल्या मजकुरावरून संगणक काढतो ती ओळखखूण) काढून माहितीत लिहा. मधल्या वाटेत कोणी एक अक्षर जरी बदललं तरी तो जुळत नाही. वारसांच्या शंकेला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्या माहितीत नाही.

जाहिराती असलेलं स्वतःचं ॲप काढून मजकूर फक्त त्यातच कोंडू नका. ॲप हवं तर काढा, पण उतरवून घ्यायची फाइल बाहेर, नोंदणी न मागता मिळाली पाहिजे.

प्रकाशनानंतर

पत्रं यायला लागतील आणि ती तीन प्रकारची असतील. टायपिंगची चूक दाखवणारं पत्र आलं की पुस्तक उघडा, खात्री करा, दुरुस्त करा, आवृत्ती क्रमांक वाढवा आणि कळवणाऱ्याला सांगा. चूक पुस्तकातच असेल तर मजकुराला हात न लावता संपादकीय टिपेत नोंद करा आणि हक्कदारांना कळवा. तिसरा प्रकार म्हणजे 'या आयतीचा हा अर्थच चुकीचा आहे' असं सांगणारे. त्यांच्याशी वाद घालायचं काम तुमचं नाही. नम्रपणे कळवा की आपण फक्त अमुक भाषांतरकारांचा मजकूर जसाच्या तसा दिला आहे. आणि त्यांना पसंत असलेलं भाषांतर अजून खुलं नसेल, तर त्याच्या हक्कदारांचा पत्ता मागून घ्या.

जुन्या आवृत्त्या काढून टाकू नका. कोणीतरी कुठल्यातरी ॲपमध्ये १.० वापरत असतं, आणि तिच्यातली चूक १.१ मध्ये सुधारली आहे हे त्याला दोन्ही फाइली शेजारी ठेवूनच दिसणार असतं.